अंगण खरंच वाकडं होतं: एका शाळेतले बाण डावीकडे का जात होते

हे प्रकरण गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेचं आहे. शाळेचं, मुलांचं आणि सरांचं नाव देत नाही. मी त्याच शाळेत विज्ञान शिकवतो. धनुर्विद्या मला येत नव्हती, आजही फारशी येत नाही. त्यामुळे चुकांचा मोठा वाटा माझाही आहे.

पार्श्वभूमी

२०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ३७व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या. त्यानंतर आमच्या भागातल्या मुलांना अचानक नाना खेळांचं वेड लागलं. आमच्या क्रीडाशिक्षकांनी तरुणपणी धनुष्य चालवलं होतं. त्यांनी पुढच्या वर्षी आठ मुलांची एक तुकडी उभी केली. मुलं आठवी-नववीची. धनुष्यं साधी पारंपरिक घाटाची होती: लाकडी मूठ, फायबरग्लासचे लिम्ब (मुठीच्या वर-खालचे वाकणारे भाग), ना नेम धरायची साइट ना तोल राखणारा स्टॅबिलायझर. बाण मुठीला लागून असलेल्या चामड्याच्या तुकड्यावर टेकवायचा आणि सोडायचा. ओढ, म्हणजे दोरी पूर्ण ओढायला लागणारा जोर, १८ ते २२ पाउंडांची. सरांचं स्वतःचं धनुष्य मात्र ४० पाउंडांचं होतं.

सुरुवातीचे बाण जुनेपाने होते. काही लाकडी, काही फायबरग्लासचे, कुणाचं पीस गेलेलं, कुणाचं टोक ढिलं. ते कुठेही लागायचे, पण पिवळ्याच्या, म्हणजे लक्ष्याच्या मधल्या पिवळ्या वर्तुळाच्या, अवतीभवती चारही बाजूंना लागायचे. हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

डिसेंबरात शाळेचा एक माजी विद्यार्थी आखातातून सुट्टीवर आला आणि त्यानं एक डझन कार्बन बाण भेट दिले. काळे, चकचकीत, सगळे एका मापाचे. दुकानदाराच्या सल्ल्यानं २७ इंचांवर कापूनच आणले होते. शाफ्टवर, म्हणजे बाणाच्या काठीवर, ५०० असा आकडा छापलेला होता. आम्हाला वाटलं, मॉडेल नंबर असेल.

अडचण

नवे बाण आले आणि मुलं बिघडली. सरांचे शब्द हेच. १५ मीटरवरून सात मुलांचे बाण पिवळ्याच्या डावीकडे, सरासरी ३० सेंटिमीटरवर पडू लागले. विखुरलेले नव्हे, चांगले गोळा होऊन पडत. नववीतल्या एका मुलीचे तर सहाच्या सहा बाण एका ताटलीत मावतील असे बसायचे, पण ताटली भलतीकडे.

सरांनी आधी एक रास्त गोष्ट केली. तेच बाण स्वतःच्या धनुष्यावर चढवून मारले. सरळ गेले, पिवळ्यात. मग बाणांत दोष नाही, हे त्यांच्या लेखी सिद्ध झालं. उरली मुलांची बोटं. पुढचे सहा आठवडे रिलीज, म्हणजे दोरी सोडणं, सुधारण्यात गेले: बोटं ओढू नकोस, सैल सोड, कोपर वर, हनुवटी स्थिर. ती मुलगी एकदा म्हणाली, "सर, बाणच तिकडे जातो." सर हसून म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं." सगळे हसले. मीही हसलो. तिथेच होतो.

जानेवारीच्या शेवटी तिनं स्वतःचा मार्ग शोधला. पिवळ्यावर नेम न धरता ती लक्ष्याच्या फळीच्या उजव्या कडेवर धरू लागली आणि बाण पिवळ्यात जाऊ लागले. सरांनी हे पाहिल्यावर तिला रागावले. पुढच्या सोमवारी ती सरावाला आली नाही.

बाण वाकतो म्हणजे काय

पुढचं समजायला थोडं विज्ञान लागेल.

उजव्या हातानं दोरी ओढणाऱ्याच्या धनुष्यात बाण मुठीच्या डाव्या बाजूला टेकतो. मूठ मध्ये असल्यानं बाण धनुष्याच्या मधल्या रेषेवर येऊच शकत नाही. आमच्या धनुष्यात बाणाचा मध्य त्या रेषेपासून साधारण १५ मिलिमीटर डावीकडे होता. पूर्ण ओढल्यावर मूठ ते दोरी अंतर ६६ सेंटिमीटर. गणित करा: बाण सव्वा अंशानं डावीकडे रोखलेला. नुसता त्याच दिशेनं गेला तर १५ मीटरवर तो सुमारे ३४ सेंटिमीटर डावीकडे लागेल. दोरी पुढे येते तसा हा कोन वाढतच जातो. तरीही हजारो वर्षं माणसं अशाच धनुष्यांनी नेम साधत आली. धनुर्धराचा विरोधाभास म्हणतात तो हाच.

उत्तर बाणाच्या लवचिकपणात आहे. माडाच्या झावळीचा हीर घ्या, एक टोक भिंतीला टेकवा आणि मागून ढकला. तो बाजूला फुगतो. बाणाचंही तसंच होतं. मागून दोरीचा धक्का अचानक बसतो, पुढचं जड टोक जागचं हलायला वेळ घेतं आणि मधला भाग वाकतो. शिवाय दोरी बोटांवरून घसरताना सरळ पुढे येत नाही, चेहऱ्याच्या बाजूला किंचित सरकून येते. या सरकण्यामुळे बाण कुठल्या बाजूला वाकायचा ते ठरतं. आधी त्याचं पोट मुठीकडे दाबलं जातं, मग उसळी घेऊन मुठीपासून लांब जातं, आणि शेपूट मुठीशी पोचते त्या क्षणी ती बाहेरच्या बाजूला झुललेली असते. म्हणजे बाण मुठीला वळसा घालून निसटतो. पुढे काही मीटर मासोळीसारखा वळवळत तो शांत होतो आणि नेमाच्या रेषेवर जातो. १९३० च्या दशकात अमेरिकेत क्लॅरन्स हिकमन यांनी अतिवेगवान कॅमेऱ्यानं हे टिपलं, तेव्हा ते डोळ्यांना दिसलं.

सगळा खेळ वेळेचा आहे. ही वळवळ आणि दोरीचा धक्का यांचा ताल जमायला हवा. बाण त्या धनुष्यासाठी फार कडक असेल तर तो वाकतच नाही, मुठीला घासतो आणि डावीकडे जातो. फार मऊ असेल तर जास्त वाकून उजवीकडे. डावखुऱ्याच्या बाबतीत दोन्ही उलट.

आता सरांच्या चाचणीतली फसगत दिसेल. ४० पाउंडांचा धक्का जो बाण नीट वाकवतो, त्यालाच २० पाउंडांचं धनुष्य वाकवू शकत नाही. बाण निर्दोष होता. मुलांची बोटंही बऱ्यापैकी निर्दोष होती. जोडी चुकली होती.

निर्णयाची पहिली जागा: डावखुरा मुलगा

आठ मुलांपैकी एक डावखुरा होता. त्याचे बाण उजवीकडे जायचे, जवळजवळ तितकेच. सर म्हणायचे, "ह्याचं सगळंच उलटं." फेब्रुवारीत मी सहज मैदानावर गेलो होतो, तेव्हा हे वाक्य कानावर पडलं आणि पाय थबकले. सात मुलांची सारखी चूक एका बाजूला आणि आठव्याची तितकीच दुसऱ्या बाजूला, तर ती वाऱ्याची नसणार, फळी वाकडी लावल्याचीही नसणार. आठही मुलांची बोटं एकाच प्रमाणात वाईट असण्याची शक्यता किती? सरांना तसं म्हणालो. ते म्हणाले, "मग तुम्हीच शोधा." रागानं नव्हे, थकून.

मी आधी चूकच केली. फोनवर स्लो मोशन चित्रण घेतलं. त्यात बाण असा काही लपलपताना दिसला की मी बाण फार मऊ असल्याचं जाहीर करून टाकलं. सत्याच्या अगदी उलट. बहुतेक फोनचा सेन्सर अख्खं चित्र एकदम टिपत नाही, ओळीओळीनं टिपतो. वेगानं जाणारी सरळ काठीही त्यात तिरकी-वाकडी दिसू शकते. दुसरं म्हणजे बाण दोरीवर असतो तो जेमतेम सेकंदाचा पन्नासावा भाग. सेकंदाला २४० चित्रं घेतली तरी त्या अवधीतली पाचच हाती लागतात. पाच चित्रांवरून निदान करणं म्हणजे दाराच्या फटीतून नाटक बघणं.

मग साध्या दोन चाचण्या केल्या. पहिली बेअर शाफ्टची, म्हणजे बिनपिसांच्या बाणाची. पिसं मागून सुकाणूसारखी बाणाला सरळ करतात आणि दोष झाकतात. म्हणून दोन बाणांची पिसं काढली आणि १० मीटरवरून पिसांच्या बाणांबरोबर मारले. उजव्या हाताच्या मुलांचे बिनपिसांचे बाण आणखी डावीकडे गेले, डावखुऱ्याचे आणखी उजवीकडे. कडकपणाचीच खूण. पण इथे एक फसवी वाट असते. अति मऊ बाणाची शेपूटही कधीकधी मुठीवर आपटून उलट्या बाजूला उडते आणि बाण कडक असल्याचं सोंग करते. त्यामुळे दुसरी चाचणी वजनाची, आणि ती निर्णायक ठरली.

एका फळीवर ६६ सेंटिमीटर अंतरावर दोन खिळे ठोकले. त्यांवर बाण आडवा ठेवून मधोमध ८८० ग्रॅम वजन टांगलं. बाटलीत पाणी भरून किराणा दुकानाच्या काट्यावर मोजून घेतलं. बाण किती झुकतो ते पट्टीनं पाहायचं. शाफ्टवरच्या ५०० चा अर्थही तेव्हा कळला: २८ इंचांवर टेकवून हेच वजन मधोमध टांगलं तर शाफ्ट ०.५०० इंच झुकतो. १००० चा बाण एक इंच झुकेल. आकडा मोठा तितका बाण मऊ. आमचे बाण २७ इंचांचे, २८ वर टेकणारच नव्हते, म्हणून खिळे २६ इंचांवर. झोक लांबीच्या घनाच्या प्रमाणात कमी होतो, म्हणजे ५०० चा बाण इथे साधारण १० मिलिमीटर झुकायला हवा. बारा बाण १० ते १०.५ मध्ये भरले. आमच्या धनुष्यांना हवा होता याच्या दुप्पट झुकणारा.

मुठीच्या कडेला फळ्याच्या खडूची पूडही फासून पाहिली. प्रत्येक बाणाच्या शेपटीजवळ पांढरा ओरखडा उठला. घासत होता.

पर्याय

पहिला पर्याय त्या मुलीनंच शोधला होता: नेम उजवीकडे धरायचा. सर त्याला लबाडी म्हणाले होते, खरं तर ती चोख निरीक्षणाची पावती होती. पण घासणारा बाण दर वेळी सारखा घासत नाही, आणि अंतर बदललं की कडेचा अंदाजही बदलतो. तात्पुरतं ठीक, शिकायला वाईट.

दुसरा, जड धनुष्यं. बाणांना योग्य ओढ ४० पाउंडांच्या आसपासची. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांच्या खांद्यांना ते सोसणार नाही. यावर चर्चा झाली नाही, व्हायलाही नको होती.

तिसरा, बाण मुठीच्या मध्याजवळ आणणं. चामड्याचा तुकडा काढून जेमतेम दोन मिलिमीटर मिळाले असते. मूठ तासायला सर तयार नव्हते. फाटली तर जबाबदार कोण?

चौथा, टोक जड करणं. टोक जड झालं की ते आणखी मागे रेंगाळतं आणि तोच बाण जास्त वाकतो. बाण लांब असता तरी मऊ वागला असता, पण कापून आलेल्या बाणाला लांबी परत कशी देणार? दुकानदाराच्या त्या कापाकापीचा मला अजून राग येतो. न कापता आणले असते तर अर्धं काम तिथेच झालं असतं.

पाचवा, १००० च्या आसपासचे नवे कार्बन बाण. सरळ आणि बरोबर उत्तर. पण भेट देणाऱ्याचं मन दुखावेल म्हणून मुख्याध्यापक नको म्हणाले, आणि पैसेही नव्हते.

सहावा पर्याय शिपाईकाकांनी सुचवला: "कोंड्याचे करा की." कोंडा म्हणजे आमच्याकडे बांबू.

काय केलं

आधी चौथा. ७५ ग्रेनची टोकं काढून १७५ ग्रेनची बसवली. ग्रेन म्हणजे फार लहान माप, १०० ग्रेन साडेसहा ग्रॅमच्याही आत. डावीकडचं अंतर ३० वरून १८ सेंटिमीटरवर आलं. पण हलक्या धनुष्याला हा बोजा जड झाला, बाण २० मीटरवर जमिनीकडे झुकू लागले. आठवड्याभरात तो नाद सोडला. निदान मात्र पक्कं झालं: बाण जितका जास्त वाकला, तितका मध्याकडे आला. सरांनी स्वतः टोकं बदलून स्वतःच्या डोळ्यांनी ते पाहिलं, आणि त्या दिवसापासून ते या कामात माझ्यापुढे होते.

मार्चमध्ये बांबूकडे वळलो. शेजारच्या वाड्यावर सुपं-टोपल्या विणणारे एक काका आहेत. त्यांच्याकडे वर्षभर सुकवलेला माणगा होता. माणगा जवळजवळ भरीव असतो, बाकीच्या बांबूंसारखा नळी नसतो. त्याच्या चिरून, तासून गोल केलेल्या चाळीस काठ्या घेतल्या, पेरं घासून सपाट केली, विस्तवावर शेकून सरळ केल्या. शेकताना मुलांनी चार जाळल्या.

तासकामात जे शिकलो ते सांगण्यासारखं आहे. गोल काठीचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातात बदलतो. ८ मिलिमीटरची काठी आमच्या खिळ्यांवर १७ मिलिमीटर झुकायची. पॉलिश पेपरनं अर्धा मिलिमीटर घालवला की २२. अर्ध्या मिलिमीटरनं जवळपास पाव कडकपणा जातो. म्हणून दहा वेळा पेपर फिरवायचा, एकदा वजन लावायचं, पुन्हा फिरवायचा. शिवाय काठी दोन बाजूंनी सारखी झुकत नाही. फिरवून पाहायची, कडक बाजूवर खूण करायची आणि ती मुठीकडे येईल अशी मागची, दोरीत बसणारी खाच कापायची. हे न केल्यामुळे पहिल्या सहा बाणांतले तीन वेडेवाकडे गेले.

२० ते २२ मिलिमीटर झुकणारे २२ बाण निघाले. खाच फाटू नये म्हणून मागे दोरा गुंडाळून डिंक लावला. प्रत्येक सरावाआधी बाण हातानं वाकवून कुरकुर ऐकायची, हा नियम सरांनी घातला. कार्बनलाही तोच, किंबहुना जास्तच, कारण तडकलेला कार्बन सुटताना फुटून हातात घुसू शकतो.

एप्रिलच्या सुरुवातीला सर स्वतः त्या मुलीच्या घरी गेले. काय बोलणं झालं ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी ती आली. पहिले सहा बाण पिवळ्याच्या डावीकडे चार-पाच सेंटिमीटरवर.

पावसाळा

इथे लेख संपवता आला असता तर बरं झालं असतं. जूनमध्ये पाऊस सुरू झाला, सराव सभागृहात १२ मीटरवर आला, आणि जुलैच्या मध्याला बाण उजवीकडे जाऊ लागले. डावखुऱ्याचे डावीकडे. आता हे वाचणं आम्हाला जमत होतं: बाण मऊ झाले होते.

खिळ्यांवर पुन्हा मोजले. २० ते २२ वाले आता २३ ते २५ झुकत होते. बांबू हवेतली ओल पितो, आणि पाणी प्यायलेली काठी मऊही होते आणि जडही. गोव्याच्या जुलैत भिंतींना बुरशी येते, चपला हिरव्या होतात, बांबूनं कोरडं राहावं ही अपेक्षाच चूक. लिम्ब फायबरग्लासचे, त्यांना काही झालं नव्हतं. म्हणून जोडी पुन्हा बिनसली. काकांना सांगितलं तर ते हसले: "सुक्यांत केल्लें पावसांत मोव जातलें." म्हणजे सुक्या दिवसांत केलेलं पावसात मऊ होणारच. त्यांच्या सुपा-टोपल्यांना हा नियम पिढ्यान्‌पिढ्या लागू आहे. मार्चमध्ये त्यांच्या अंगणात तीन आठवडे बसलो होतो, तेव्हा विचारलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं.

दोन गोष्टी केल्या. अर्धे बाण आठवडाभर चुलीवरच्या माळ्यावर ठेवून सुकवले आणि वार्निशचे तीन हात दिले. खाचेच्या आणि टोकाच्या उघड्या कडा विसरायच्या नाहीत, ओल तिथूनच शिरते. उरलेले अर्धे तसेच ठेवले. आणि मापात न बसलेल्या कडक काठ्यांतून, झोक १८ चा, सहा बाण खास पावसासाठी केले. ओल खाऊन ते आपोआप जागेवर आले.

निष्पत्ती

सप्टेंबरअखेर वार्निशवाले बाण २१ ते २३ मध्ये स्थिर होते, उजवीकडचं अंतर १२ वरून ६ सेंटिमीटरवर. बिनवार्निशचे पाऊस ओसरल्यावर आपोआप सावरले. आठही मुलं तुकडीत आहेत. कार्बनचे बारा बाण सर वापरतात. भेट देणाऱ्याला खरं कारण पत्रानं कळवलं. त्यानं उत्तरात विचारलं, "मग कोणता नंबर पाठवू?" मुख्याध्यापकांची भीती फुकट होती.

आज असतो तर काय वेगळं केलं असतं

पहिल्याच दिवशी डावखुऱ्याचा आणि उजव्यांचा लक्ष्याचा कागद शेजारी ठेवला असता. सहा आठवडे वाचले असते.

सरांची चाचणी वाईट नव्हती, अपुरी होती. बाण मुलांच्याच धनुष्यातून सरांनी मारला असता, तर त्यांच्या पक्क्या बोटांनीही तो डावीकडेच गेला असता, आणि वाद पाच मिनिटांत मिटला असता. हा उपाय आम्हाला सप्टेंबरात सुचला.

फोनवर मी विसंबायला नको होतं, निदान त्यावरून मोठ्यानं बोलायला तरी नको होतं. खिळे आणि पाण्याची बाटली घरातच होती.

खडूची चाचणी बेअर शाफ्टच्या आधी घ्यायला हवी होती. फुकट आहे, आणि पिसं उपटावी लागत नाहीत.

मुलीच्या बाबतीत मी आणि सर अजून एकमताचे नाही. सरांच्या मते तिनं नेम सरकवला हे लपवायला नको होतं. माझ्या मते ती दोनदा बोलली होती, एकदा तोंडानं आणि एकदा बाणानं.

सध्या शाळेच्या कपाटात बाणांचे दोन डबे आहेत. त्यांवर त्या मुलीच्या अक्षरात चिठ्ठ्या आहेत: "सुकें" आणि "पावस". प्रत्येक बाणावर मिलिमीटरचा आकडा लिहिलेला आहे, आणि पाण्याची बाटली कपाटाच्या दाराला टांगलेली आहे. ती कुणी पिऊ नये म्हणून सरांनी पाण्यात निळी घातली आहे.